नवरदेवगाडीचं छत

मोहिउद्दीन मिस्त्री चहा उभ्यानेच पितो. पुसदला वाशिम रोडवर त्याचं गॅरेज आणि माझं स्पेअर पार्टचं दुकान भिंतीला भिंत लावून आहे, आणि दुकान घातल्यापासून मी त्याला कामाशिवाय बूड टेकलेलं पाहिलेलं नाही. एकदा बसायला म्हणून त्याने माझ्याकडून स्टूल नेलं. त्यावर आता रंगाचे डबे असतात. एक पाय कुणाच्या तरी मडगार्डवर, हातात कप, डोळे रस्त्यावर, आणि कप संपायच्या आत दोनदा बाहेर जाऊन येणार. पायाला भिंगरी म्हणतात ती हीच. गौहरचाची, म्हणजे त्याची बायको, मला एकदा म्हणाली, "झोपीतई पाय हालवते हा मानूस, कपिल. माही अर्धी झोप याच्या लाथाइत गेली."

मी त्याला चाचा म्हणतो. तो डेंटर आहे. ठोकर खाऊन चेपलेला पत्रा ठोकून ठोकून पूर्वीसारखा करायचा, हा त्याचा धंदा. इंजिनाचंही कळतं, पण जीव पत्र्यात. हातोडी एवढी हळू चालवतो की गिऱ्हाईक कंटाळून माझ्याकडे येऊन बसतं, आणि हातोडी खाली ठेवली की हा लगेच रस्त्यावर. अशा माणसाशी शेजार म्हणजे दिवसभर दाराशी कुणीतरी घिरट्या घालतंय असं वाटत राहतं. मी चिडतो, पण एखाद्या दिवशी तो आला नाही तर मलाच करमत नाही.

त्याची खरी ओळख मात्र नवरदेवगाडी. ढाणकीच्या एका कापूस-जिनिंगवाल्याच्या आवारात चिंचेखाली दोन सीटांची, लांब नाकाची, बसकी विलायती गाडी पडून होती. मूळची वणीकडच्या कुण्या खाणीतल्या साहेबाची. साहेब परत गेला, जिनिंगवाल्याने हौसेने घेतली, थोडे दिवस उडवली, आणि पार्ट मिळेनात तशी चिंचेखाली सोडून दिली. बोनटवरचा बिल्ला तेवढ्यात चोरीला गेला, त्यामुळे गाडी कोणत्या कंपनीची यावर आमच्या रोडवर अजून दोन पार्ट्या आहेत. जागा हवी होती म्हणून जिनिंगवाला चाचाला म्हणाला, उचलून न्या. चाचाने उचलून आणली. वरचं घडीचं कापडी हूड उंदरांनी खाल्लं होतं, खालचा पत्रा चाळणी झाला होता. दोन-तीन वर्षं चाचा रिकाम्या वेळात तिच्याशी झटत राहिला आणि एक दिवस ती लालभडक होऊन रस्त्यावर आली.

तेव्हापासून ती लग्नात जाते. नवरदेव सीटवर बसत नाही. मागे, जिथे पूर्वी हूड घडी होऊन पडायचं तिथे गादी टाकून उंच बसतो, पाय सीटवर, म्हणजे सगळ्या गावाला दिसतो. मुसलमान, मराठा, बंजारा, पुसदचे निम्मे नवरदेव या गाडीवर मिरवले. मीसुद्धा. माझ्या वरातीच्या दिवशी चाचाची फरहा गॅरेजच्या दारात उभी होती, सात-आठ वर्षांची. तिने बापाला विचारलं होतं, "अब्बा, यात नवरीले काहून नाई बसवत?" चाचा म्हणाला होता, "तुले बसवीन." पोरं विसरतात. बाप विसरला नाही.

मागच्या वर्षी फरहाचं ठरलं. मुलगा आसिम, उमरखेडचा. घरची औषधांची एजन्सी, स्वतः टेम्पो चालवून गावोगाव माल देतो, वागायला साधा. निकाह मे महिन्यातला. तारीख ठरली त्याच संध्याकाळी चाचाने घरात जाहीर केलं की फरहाची रुखसती, म्हणजे पाठवणी, नवरदेवगाडीतून होईल. आसिमला ही गाडी चालवायला मी शिकवतो, म्हणाला. मी तिथेच होतो, मला लाडू खायला बोलावलं होतं.

"खुल्या गाडीतून?" चाची म्हणाली.

"मंग काय झालं?"

"काय झालं म्हंते! नवरदेव मिरवाले येते, नवरी घर सोडून जाते. मिरवणाऱ्याले आभाळ चालते. जाणारीच्या डोक्यावर छत लागते. माह्या अम्मीनं मले बैलगाडीतून धाडलं, तं तिच्यावरई ताडपत्री बांधली होती." चाचीने लाडवाचं ताट उचललं. "छत असन तं पोरगी त्यातून जाईन. नाई तं आसिमची आपली बंद कार येईन."

फरहा आत होती. विषय तिचा होता, त्यामुळे तिला विचारायची पद्धत नाही.

चाचाने छत आणायचं कबूल केलं. मी म्हणालो, "अहो, तुम्ही डेंटर. पत्रा घ्या, दोन दिवसांत ठोकून बसवा."

"ते रसवंतीचा मांडव दिसन, कपिलभाऊ." त्याने मोबाइल काढला. जिनिंगवाल्याकडच्या जुन्या फोटोचा त्याने फोटो काढून ठेवला होता. साहेब, बाजूला गाडी, आणि गाडीवर पांढरं, गोलसर, मागे वळणदार काच असलेलं पक्कं छत. "हे पाहा. कंपनीचंच हाय. चार खटक्यावर बसते. पाहिजे तवा लावा, पाहिजे तवा काढा. हे पाहिजे."

मग सुरू झालं. मी सकाळी शटर उचलायच्या आधी चाचा शटरशी उभा. मोबाइल माझ्या नाकासमोर. नागपूरला जुन्या गाड्यांचा व्यापारी आहे म्हणे, लावा फोन. हैदराबादला एक शौकीन आहे, लावा फोन. इंग्रजीतून, हिंदीतून बोलायला मी, आणि मी बोलत असताना माझ्याभोवती फेऱ्या मारायला हा. व्यापारी विचारायचे, गाडी कोणती? आम्ही एकमेकांकडे बघायचो. एकाने फोटो मागवला आणि छत विकण्याऐवजी गाडीच विकत मागितली. चाचाने त्याला फोनवर काय सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. लग्न जवळ येत होतं, चाची एकेक भांडं पेटीत भरत होती, आणि चाचा घरी जेवायलाही थांबत नव्हता. हातातोंडाची गाठ पडली न पडली की गॅरेजला. रात्री फोन करून मला विचारायचा, अकोल्याला कोणी असन काय? मी वैतागून दोनदा फोन बंद ठेवला.

शेवटी पत्ता दिला लालसिंगने. हा दिग्रसकडच्या तांड्यावरचा ट्रकवाला, सिमेंट वाहतो. दार चेपलं म्हणून गाडी घेऊन आला होता. चाचाने मोबाइलवरचा फोटो दाखवला, तो येईल त्याला दाखवायचाच. लालसिंग म्हणाला, "असंच एक म्या पाह्यलं ना. मुकुटबनच्या अलीकडं, रस्त्याच्या काठच्या वावरात. कोंबड्या राहतेत त्याच्याखाली."

मी हसलो. चाचा हसला नाही. खाण वणीकडची, साहेबाचा बंगला त्याच अंगाला, आणि मुकुटबन तिथून जवळ. गाडी इकडे आली, छत तिकडेच राहिलं असणार. नागपूर-हैदराबाद पालथं घातलं आणि वस्तू आपल्याच जिल्ह्यात! चाचाने लालसिंगचं दार तसंच अर्धवट सोडलं. "चाला," मला म्हणाला. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. त्याने माझ्या पिकअपची चावी आधीच हातात घेतली होती.

त्या प्रवासाबद्दल काय सांगावं. दिग्रस, आर्णी, घाटंजी, पांढरकवडा. मेचं ऊन, वाऱ्याच्या झळा, आणि शेजारी हा माणूस. काच खाली करतो, वर करतो. हातोडी, पाने, गाडीवरून जुन्या पेपरचं कापलेलं माप असं सगळं मांडीवर घेऊन बसलेला, ते दर गावाला उघडून बघतो. घाटंजीला मी जेवायला थांबलो तर म्हणाला, "तुमी जेवा, मी पिकअपपाशी हाय," आणि मी हात धुऊन आलो तेव्हा हा रस्त्यावर शंभर पावलं पुढे चालत निघालेला होता. असं वाटत होतं की छत पाय फुटून कुठे निघून जाईल.

लालसिंगने सांगितलेलं वावर सापडलं. कापूस कधीचाच निघालेला, पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, उपटून बांधावर रचलेल्या. कडुनिंबाखाली बाजेवर एक म्हातारा, आणि निंबाच्या दुसऱ्या अंगाला, विटांच्या चार थरांवर ठेवलेलं ते छत. पांढरा रंग पिवळा पडलेला. मागची काच शाबूत. समोरच्या बाजूला पऱ्हाट्यांची ताटी बांधून बंद केलेलं. चाचा म्हाताऱ्याला नमस्कारही न करता थेट तिकडे गेला, गुडघ्यावर बसला आणि पेपरचं माप कडेला लावलं. खटक्यांची भोकं मापावर बरोबर आली. चारही. त्याने दोन्ही पंजे छतावर ठेवले, पत्रा चांगलाच तापलेला होता तरी उचलले नाहीत.

"याच गाडीचं हाय, कपिलभाऊ. माह्याच गाडीचं."

म्हाताऱ्याचं नाव बापूजी. साहेबाच्या बंगल्यातलं सामान निघालं तेव्हा बैलांच्या गव्हाणीवर टाकायला आणलं होतं, म्हणाले. बैल गेले, छत राहिलं. आम्ही पोरीच्या लग्नाचं सांगितलं. बापूजी खूश झाले. "न्या ना बापा. पोरीच्या कामी येत असन तं काय पाहिजे." चाचाने नोटा काढून त्यांच्या हातावर ठेवल्या, त्यांनी न बघता बंडीच्या खिशात कोंबल्या. व्यवहार संपला. मी एका बाजूने धरलं, चाचाने दुसऱ्या.

"हात काढा तिथून."

विहिरीकडून एक बाई येत होती. डोक्यावर घमेलं, वयाने माझ्याएवढी. ही बापूजींची सून, बेबीताई. तिने घमेलं उतरवलं आणि आमच्या मध्ये येऊन उभी राहिली. मी म्हणालो, "ताई, बापूजीसंग बोलणं झालं. पैसे दिले."

"वावर बापूजीचं हाय. कोंबड्या माह्या हायेत. तुमी कोणाले इचारलं?"

आमची चूक इथे झाली होती. बाजेवर पुरुषमाणूस दिसला की व्यवहार त्याच्याशी करायचा, ही आपली खोड. बापूजी निमूट नोटा बंडीतून काढू लागले.

"खुडूक बसली हाय आत," बेबीताई म्हणाली. "अंड्यावरच्या कोंबडीले उठवत नसतेत. दोनदा बसवली, एकदा मुंगसानं नेलं, एकदा मीच टोपलं हालवलं तं फिरून बसलीच नाई, सारे अंडे थंडे पडले. या छताखाली बसली तवा निभली. पिल्लं निघू द्या, मंग न्या. मी देत नाई म्हंत नाई."

"कवा निघतीन पिल्लं?" चाचाने विचारलं.

तिने सांगितलं. लग्न त्याच्या आधी होतं.

चाचा बाजूला गेला. बांधापर्यंत चालत गेला, परत आला, पुन्हा गेला. मी बेबीताईला समजावत होतो, "ती चरायला उठत असनच ना. तवा उचलू."

"उठते. पण परत येते ते याच घरी. घर दिसलं नाई तं अंड्याकडं पाहतई नाई."

चाचा परत आला तो वेगळाच हिशेब घेऊन. म्हणाला, मी एक दुसरं घर करतो, याहून थोडं मोठं. ती बसलेली असतानाच हे वर उचलायचं आणि ते वर ठेवायचं. तिला कळायचं नाही. बेबीताईने त्याच्याकडे नीट बघितलं. "दिवस बुडता करा. अंधारात कोंबडी शांत राह्यते. पण उठली तं तिथंच ठेवायचं आन् निंगायचं. आन् आधी तिले तुमची सवय होऊ द्या. नवीन मानूस आला का घाबरते ते. बसा तिच्यापाशी."

"बसू?"

"हो. बसा."

मग चाचाने आधी घर केलं. बापूजींच्या गोठ्यामागे एक जुनं पत्र्याचं टिपाड पडलं होतं, ते कापलं, उकललं, वाकवलं. कोंबडीला आवाज जाऊ नये म्हणून वावराच्या पार पलीकडच्या बांधावर जाऊन ठोकलं. कडा दुमडल्या, हवेला भोकं पाडली, एक दार, दाराला कडी. बेबीताई येऊन कडी लावून-काढून बघून गेली, म्हणजे पसंत पडलं. अजून ऊन होतं. दिवस बुडायला अवकाश होता. चाचा छतापाशी आला आणि जमिनीवर मांडी घालून बसला.

मी निंबाखाली आडवा पडलो, पण डोळा लागेना, कारण मला त्याच्याकडेच बघावंसं वाटत होतं. सुरुवातीला त्याने दोनदा उठायला हात टेकला. बेबीताई लांबूनच "अं हं" म्हणाली. मग त्याचा गुडघा हलत राहिला. मग तोही थांबला. वळणदार काचेतून आतली कोंबडी दिसत होती, तांबूस रंगाची, फुगून बसलेली, डोळे अर्धे मिटलेले. चाचा तिच्याकडे बघत होता. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो तेव्हा तो रडत होता. आवाज नाही, हुंदका नाही, नुसतं पाणी दाढीत उतरत होतं.

मी घाबरलो. "काय झालं, चाचा?"

"बसलो का हेच होते, कपिलभाऊ. म्हनून मी बसत नाई आजकाल." त्याने बाहीने तोंड पुसलं. "बसलो का पोरगी जाऊन राह्यली हे ध्यानात येते. काम असलं का येत नाई. छत पाह्यत फिरलो तं महिना निंगून गेला. आता हे भेटलं का मंग काय करू मी?"

मी चिडका माणूस, सांत्वन मला जमत नाही. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघं कोंबडीकडे बघत राहिलो. मला त्या वेळी त्याची फार माया आली, हे सांगून टाकतो.

दिवस बुडाला. पाखरं निंबावर कलकलून गप्प झाली. बेबीताई आली, हळू आवाजात म्हणाली, आता. मी एका बाजूने, चाचा दुसऱ्या बाजूने, बापूजी नवं घर घेऊन तयार. ताटी सोडली. आम्ही छत उचललं. विटांना चिकटलेली कड खर्रकन सुटली आणि आत एकदम हवा गेली.

कोंबडी उठली नाही. तिने दोन्ही पंख पसरले, होतील तेवढे रुंद, मान जमिनीला लावली आणि घशातून बारीक, घोगरा आवाज काढला. अंग थरथरत होतं. एक अंडं पंखाबाहेर राहिलं होतं, ते तिने चोचीने आत ओढलं. चाचाचा चेहरा तिच्यापासून हातभर अंतरावर होता. तिने त्याच्या मनगटावर चोच मारली आणि पुन्हा मान खाली लावली.

"ठेवा," चाचा म्हणाला.

"अहो, उठली नाई ते! बेबीताई, सांगा यायले. उठली काय?"

"नाई उठली," बेबीताई म्हणाली. "न्या तुमी."

"ठेवा, कपिलभाऊ. खाली ठेवा. भेली ना ते. किती भेली, पण जाग्यावरून हालली नाई." तो आपली बाजू खाली घेऊ लागला. "माह्याच्यानं नाई होत."

आम्ही छत होतं तसं विटांवर ठेवलं. बेबीताईने ताटी बांधली. बापूजींनी पैसे परत केले. चाचाने टिपाडाचं घर तिथेच सोडलं, पिल्लं मोठी झाली की कामी येईल म्हणून. मी इतका संतापलो होतो की पांढरकवड्यापर्यंत गिअर आपटत गाडी हाणली. दिवसभराचं दुकान, डिझेल, उन्हाने फुटलेलं डोकं, आणि हातात आलेली वस्तू हा माणूस एका कोंबडीला भिऊन सोडून आला! चाचाने खिडकी वर-खाली केली नाही. मनगट चोळत बसून होता.

दुसऱ्या दिवशी चाची गॅरेजवर आली. जेवणाचा डबा होता हातात, पण आली होती छत बघायला. चाचा गाडीखाली शिरला तो बाहेर येईना. तेव्हा मीच सांगून टाकलं, सगळं, रागारागात, कोंबडीने चोच मारली तिथपर्यंत. माझी अपेक्षा, चाची आता याची खरडपट्टी काढील. ती डबा बोनटवर ठेवून माझ्याकडे वळली.

"पसरली ते?" तिने विचारलं. "अंड्यावर?"

"हो."

ती गाडीशी वाकली आणि खाली बघून बोलली, "बरं केलं. मायच्या अंगावरून वढून आणलेलं छत माह्या लेकीच्या डोक्यावर नको."

चाचा गाडीखालून बाहेर आला. तोंडाला ग्रीस, डोळे लाल. "मंग?"

"मंग काय. दारापासून गाडीपर्यंत नवरीवर चादर धरतेतच ना चार जण. गाडीत बसल्यावरई धरा. गल्लीच्या टोकापर्यंत धरा. तिथून पुढं अल्ला मालिक."

संध्याकाळी फरहा गॅरेजवर चहा घेऊन आली. तिला सगळं कळलेलं होतं. ती मला म्हणाली, "कपिलभैया, मले तं खुल्याच गाडीत बसायचं होतं. छत पाहिजे म्हनून मी कवा म्हनलं?" मी म्हणालो, अगं मग बोलायचं नाही का? "कोणी इचारलं काय?" म्हणाली, आणि रिकामे कप गोळा करून गेली.

लग्नाच्या दिवशी पाहुण्यांची दाटी, मांडवात कुलर, बिर्याणीची डेग, सगळं झालं. ऊन उतरल्यावर रुखसती. नवरदेवगाडी दारात उभी होती, चाचाने पहाटेपासून तिला एवढं पुसलं होतं की तिच्यात बघून दाढी करावी. आसिम स्टिअरिंगवर. चाचीच्या लग्नातली हिरवी चादर, तिची चार टोकं धरायला चौघं. पुढे डावीकडे चाचा, उजवीकडे फरहाचा मामा अय्याज, मागे मी आणि लालसिंग. चादरीखालून फरहा आली, आईच्या गळ्यात पडली, दोघी खूप रडल्या, मग ती गाडीत बसली. आम्ही चादर तशीच गाडीवर धरली. आसिमने पहिला गिअर टाकला आणि गाडी आमच्या चालीने निघाली.

गल्लीचं टोक आलं. अय्याजमामा थांबला. चाचा थांबला नाही. मग आम्ही तिघंही चालत राहिलो. वाशिम रोड आला, आमचं गॅरेज आलं, माझं बंद दुकान आलं. मागे पाहुण्यांच्या गाड्यांची रांग, भोंगे, कुणी मोबाइलवर शूटिंग करत होतं. एसटीवाला खिडकीतून ओरडला. चाचाला काही ऐकू येत नव्हतं. तो समोर बघून चालत होता, हात वर, चादरीचं टोक मुठीत. माझे दंड भरून आले. लालसिंग माझ्याकडे बघून मान हलवत होता, पण सोडत नव्हता. पुलाजवळ आलो तेव्हा बोनटमधून उग्र वास येऊ लागला. अशी गाडी माणसाच्या चालीने फार वेळ नेता येत नाही, हे चाचाइतकं कुणाला ठाऊक? त्याला तो वासही आला नाही.

फरहाला आला. गॅरेजमध्ये वाढलेली पोरगी. तिने चादरीखालून मेंदीचा हात बाहेर काढला आणि बापाचं मनगट धरलं.

"अब्बा, गाडी तापून राह्यली. सोडा आता."

चाचा थांबला नाही. चार पावलं अजून चालला, तिचा हात मनगटावर तसाच. मग त्याने मूठ उघडली. आम्हीही सोडलं. चादर मागे घसरून रस्त्यावर पडली, आणि फरहा त्या मोकळ्या गाडीत सगळ्या पुसदला दिसली, डोळे पुसत, ओढणी एका हाताने धरून.

"दुसरा गिअर टाक, आसिम," चाचा म्हणाला. "टाक, बेटा."

आसिमने दुसरा टाकला.